ऑपरेशननंतर बाळाला एक्मोवर ठेवलंय: रात्री दोन वाजता विचारले जाणारे प्रश्न

मी परफ्युजनिस्ट आहे. नवी मुंबईत, लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात अशा ठिकाणी माझी नोकरी. ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवायचं आणि गरज पडलीच तर पुढचे काही दिवस आयसीयूत एक्मोशेजारी बसायचं, हे माझं काम. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा आईवडील नुसती मान डोलावतात. खरे प्रश्न मग रात्री, काचेपाशी उभं राहून, मला नाहीतर सिस्टरना विचारतात. तेच इथे उतरवून काढलेत. यातलं काही तुमच्या बाळाच्या डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा वेगळं वाटलं तर त्यांचं ऐका. बाळ त्यांच्या डोळ्यांसमोर आहे, माझ्या नाही.

एक्मो म्हणजे काय? व्हेंटिलेटरच ना?

नाही. व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो, रक्त फिरवायचं काम हृदयालाच करावं लागतं. एक्मोत रक्तच शरीराबाहेर येतं. हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त एका नळीतून बाहेर निघतं, पंप ते पुढे ढकलतो आणि ते ऑक्सिजनेटर नावाच्या डबीतून जातं. या डबीत केसासारखे बारीक पोकळ धागे असतात, धाग्यांच्या आतून ऑक्सिजन वाहतो आणि बाहेरून रक्त. तिथे रक्ताला ऑक्सिजन मिळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अंगाच्या तापमानाला गरम होतं आणि दुसऱ्या नळीतून महाधमनीत परत जातं. हृदय आणि फुप्फुसं, दोघांचंही काम बाहेर होतं.

काचेतून बघाल तर शेजारी शेजारी दोन नळ्या दिसतील. एक काळपट जांभळी, दुसरी लालभडक. नव्या सिस्टरला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते: दोन्ही नळ्या एकाच रंगाच्या दिसल्या तर आधी हाक मार, कारण नंतर शोध.

ऑपरेशनच्या वेळचं मशीन आणि हे एकच का?

भावंडं म्हणा. ऑपरेशनचं मशीन काही तासांसाठी असतं, हृदय थांबवून आतलं काम करता यावं म्हणून. एक्मो काही दिवसांसाठी असतो आणि त्यात हृदय मुद्दाम थांबवत नाहीत. ऑपरेशनमध्ये रक्त खूपच पातळ ठेवावं लागतं, एक्मोवर त्यापेक्षा कमी.

माणसाच्या हृदयावर हार्ट-लंग मशीन लावून पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी 1953 मध्ये फिलाडेल्फियात केलं. पुढच्याच वर्षी मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी मशीनशिवायचा मार्ग काढला. मुलाच्या शेजारी आईला किंवा वडिलांना झोपवायचं, दोघांचे रक्तप्रवाह नळ्यांनी जोडायचे आणि मुलाचं ऑपरेशन होईपर्यंत मोठ्या माणसाच्या हृदय-फुप्फुसांवर दोघांना जगवायचं. "माझं हृदय लावा पण त्याला वाचवा" असं एखादे बाबा म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. एके काळी ते अक्षरशः केलेलं आहे.

आयसीयूत दिवसचे दिवस मशीन चालवायची गोष्ट त्यानंतरची. रॉबर्ट बार्टलेट यांनी 1972 मध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर कोलमडलेल्या दोन वर्षांच्या मुलाला अशा मशीनवर तगवलं आणि 1975 मध्ये पहिल्यांदा एका नवजात मुलीला.

म्हणजे ऑपरेशन फसलं का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारतात थोडेच. विचारा.

बहुतेकदा ऑपरेशन नीट झालेलं असतं, पण हृदय थकलेलं असतं. ऑपरेशनसाठी ते तासभर किंवा जास्त थांबवलेलं असतं, त्याला चिरा दिलेल्या असतात. आधीच कमजोर असेल तर ते नव्या रचनेवर लगेच जोर धरत नाही. ज्या बाळांच्या मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जोडलेल्या असतात आणि जी ऑपरेशनला उशिरा पोहोचतात, त्यांचा डावा कप्पा कमी दाबाला सरावलेला असतो. एका दिवसात त्याच्यावर सगळ्या शरीराचा भार येतो आणि तो दमतो. कधी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या अचानक आवळतात, कधी ठोक्यांची लय बिघडते, कधी हृदय बंदच पडतं आणि छाती दाबत असतानाच नळ्या घालाव्या लागतात. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या शंभर मुलांमध्ये दोन ते पाच जणांना ही वेळ येते.

पण कधी कधी दुरुस्तीत खरंच काहीतरी राहिलेलं असतं. एखादं भोक उरलेलं, एखादी झडप गळत असलेली, हृदयाला रक्त देणारी नस पिळली गेलेली, घातलेला शंट (रक्ताला वाट करून देणारी छोटी कृत्रिम नळी) गुठळीने बुजलेला. म्हणून एक्मो लागला की चांगली टीम लगेच, पहिल्या दोन-तीन दिवसांतच, शोध घेते. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, गरज पडली तर अँजिओग्राफी, आणि काही सापडलं तर पुन्हा ऑपरेशन थिएटर. "दुरुस्तीत काही राहिलंय का ते तपासलं का?" असं सर्जनना सरळ विचारा. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही. माझ्या मते आईवडिलांनी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. मशीन हृदय दुरुस्त करत नाही, ते वेळ काढून देतं. कारण न शोधता नुसतं मशीन चालवत बसलं तर मिळालेला वेळ फुकट जातो.

छाती उघडीच ठेवलीय. का?

ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर नळ्या त्याच जखमेतून थेट हृदयात आणि महाधमनीत घालतात, तो सगळ्यात जवळचा रस्ता. शिवाय हृदय सुजलेलं असतं, हाड बंद केलं तर ते दाबलं जाईल. वरून निर्जंतुक पातळ पडदा लावलेला असतो. त्याखाली हृदय हलताना दिसतं, बघवत नसेल तर बघू नका, सिस्टर चादर ओढून देतील. दुसरा रस्ता मानेच्या उजव्या बाजूचा. मोठ्या मुलांत कधी जांघेचा.

बाळाला दुखतं का? आमचा आवाज कळतो का?

दुखू नये म्हणून औषध सतत चालू असतं, झोपही त्यातलीच. पण ऐकू जात नाही असं धरून चालू नका. एक आजी रोज संध्याकाळी पाच मिनिटं येऊन शुभंकरोति म्हणायच्या. मशीनवरच्या आकड्यांत काही बदल व्हायचा असं मी म्हणणार नाही, पण त्या पाच मिनिटांत आम्ही सगळे हळू बोलायचो.

हात लावायला हरकत नसते, सिस्टरना विचारून, हात धुऊन. कपाळ, तळपाय. नळ्यांना नाही. तीन किलोच्या बाळाची नळी पेन्सिलीहून बारीक असते आणि एका सेंटीमीटरने सरकली तरी आम्हाला घाम फुटतो.

एवढं रक्त सारखं का मागतात?

तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 250 मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीचं निम्मं. पंप मिनिटाला तीनशे-साडेतीनशे मिलिलिटर फिरवतो, म्हणजे बाळाचं अख्खं रक्त मिनिटाभरात मशीनमधून फिरून येतं. नळ्या आणि ऑक्सिजनेटर भरायलाच बाळाच्या स्वतःच्या रक्ताइतकं, कधी त्याहून जास्त लागतं. त्यातून तपासण्यांसाठी रक्त निघतं, छातीतल्या ड्रेनमधून निघतं, आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, मशीनच्या पृष्ठभागांवर चिकटून संपतात.

प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून त्यांच्यासाठी धावपळ जास्त. नातेवाइकांची फौज एकाच दिवशी आणून उभी करू नका. रोज दोघं-तिघं येतील अशी यादी करा, गट आणि फोन नंबर लिहून. रक्त दिलेला पुरुष तीन महिने आणि बाई चार महिने पुन्हा रक्त देऊ शकत नाही. ब्लड बँकेतल्या मशीनवर नुसत्या प्लेटलेट्स देणारा मात्र 48 तासांनी पुन्हा देऊ शकतो. एका बाबांच्या कंपनीतले, महापे एमआयडीसीतले, शिफ्ट लावून आले होते. ब्लड बँकेतला माणूस म्हणाला, असं नियोजन आम्हालाही जमत नाही.

आणखी एक. "आमचंच रक्त त्याला द्या" असा हट्ट धरू नका. आई, वडील, सख्खं भावंड यांचं रक्त थेट दिलं तर क्वचित एक भयंकर गुंतागुंत होते: त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीरावर उलटतात. द्यायचंच झालं तर त्यावर आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. तुम्ही दिलेलं रक्त दुसऱ्याच्या मुलाला जातं, दुसऱ्याचं तुमच्या.

रक्त पातळ करायचं औषधही देताय आणि रक्तस्राव होतोय म्हणताय. हे काय?

आमचं सगळं कसब इथेच लागतं. नळ्या प्लॅस्टिकच्या. प्लॅस्टिकला लागलं की रक्त गोठायला बघतं, म्हणून हेपरिन, तेच हे रक्त पातळ करायचं औषध. पण परवाच छाती उघडलेली, टाके ताजे, तिथे हेपरिनने रक्त वाहायला लागतं. म्हणून सुरुवातीला दर तासाला थेंबभर रक्त घेऊन ते गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतो. साधारण 180 ते 220 सेकंद. खाली गेलं तर गुठळीची भीती, वर गेलं तर रक्तस्रावाची. ऑपरेशननंतरचे पहिले काही तास रक्तस्राव जास्त असेल तर हेपरिन थांबवतातही.

रात्री मी टॉर्च घेऊन ऑक्सिजनेटरभोवती फिरताना दिसले तर घाबरू नका. काळे ठिपके शोधत असते. कोपऱ्यात दोन-चार असले तर नोंद करायची. वाढायला लागले, किंवा रक्त परत जाणाऱ्या नळीत दिसले, तर सर्किटच, म्हणजे नळ्या आणि ऑक्सिजनेटर सगळंच, बदलायचं.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

मेंदू. रक्तस्राव किंवा गुठळी तिथे झाली तर हृदय सुधारूनही नुकसान राहू शकतं. लहान बाळाची टाळू उघडी असते, तिच्यावरून रोज सोनोग्राफी करून बघतात. डोळ्यांच्या बाहुल्या बघतात. मूत्रपिंडं मंदावतात, लघवी कमी होते, बाळ इतकं सुजतं की आई ओळखत नाही. ही सूज उतरते. त्यासाठी कधी डायलिसिस लागतं, ते एक्मोच्या सर्किटलाच जोडता येतं. जंतुसंसर्गाचा धोका रोज थोडा वाढत जातो.

लाइट गेली तर?

जनरेटर आहे, आणि मशीनला स्वतःची बॅटरी आहे. ते दोन्ही बंद पडलं तर हाताने फिरवायचा दांडा आहे, मशीनलाच लटकवलेला.

आधीच्या नोकरीत, एका हॉस्पिटलात, जुलैच्या पावसात हे घडलंय. लाइट गेली, आणि बॅटरी बदलायचं पत्र मी दोनदा देऊनही जुनीच होती. तिने मान टाकली. पहिलं काम नळी चिमट्याने बंद करणं, कारण हा पंप थांबला की रक्त उलटं वाहतं. मग पंपाचा डबा काढून हाताच्या दांड्यावर बसवायचा, फिरवायला लागायचं आणि चिमटा सोडायचा. आम्ही दोघं आळीपाळीने अकरा मिनिटं फिरवत होतो. बाळाला काही झालं नाही. मला मात्र तेव्हापासून सवय लागली: ड्युटीवर आले की आधी बॅटरीचा दिवा बघायचा, मग चहा. तुम्हीही बेधडक विचारा, बॅटरी कधी तपासली. आम्हाला तो अपमान वाटत नाही.

किती दिवस ठेवणार?

हृदयासाठी लावलेला एक्मो बहुधा तीन ते सात दिवस. पहिल्या तीन दिवसांत हृदयाने काहीतरी खूण दाखवली तर आमच्या जिवात जीव येतो. आठवडा उलटूनही ते निपचित असेल तर आशा झपाट्याने कमी होते.

ती खूण आम्हाला दिसेल का?

दिसेल. मॉनिटरवर बहुधा लाल रंगाची एक रेघ असते, रक्तदाबाची. मशीनचा पंप एकसारखं रक्त ढकलतो, ठोके देत नाही, म्हणून सुरुवातीला ती रेघ जवळजवळ सपाट दिसते. हृदयाच्या ठोक्यांची दुसरी रेघ वर टुकटुक करत असते आणि आईवडील तिच्याकडे बघून खूश होतात. ती विजेची रेघ, तिच्यावरून हृदय रक्त ढकलतंय हे कळत नाही. बघायचं ते लाल रेघेकडे. तिच्यात बारीक लाटा उठायला लागल्या, मशीनचा वेग तोच असून त्या रोज थोड्या उंच व्हायला लागल्या, म्हणजे आतलं हृदय स्वतः रक्त ढकलायला लागलं.

मग इको करून खात्री करतात, पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करतात, औषधं आणि व्हेंटिलेटर वाढवून बघतात. काही तास कमी वेगावर बाळ तगलं तर नळ्या काढतात. कधी ते जमत नाही, वेग पुन्हा वाढवावा लागतो. एकदा चुकलं म्हणजे संपलं असं नाही, दोन दिवसांनी पुन्हा बघतात.

किती मुलं घरी जातात?

जगभरच्या नोंदी बघितल्या तर हृदयाच्या आजारासाठी एक्मो लागलेल्या मुलांपैकी साधारण निम्मी. नवजात बाळांमध्ये निम्म्याहून थोडी कमी, मोठ्या मुलांमध्ये थोडी जास्त. छाती दाबत असताना एक्मोवर घेतलेल्यांत आणखी कमी. मशीन सुटलं म्हणजे घरी गेलं असंही नाही, मधे व्हेंटिलेटरचे आणि औषधांचे दिवस असतात. हे आकडे सांगायला मला आवडत नाही, पण विचारल्यावर "सगळं देवाच्या हातात" म्हणून सुटका करून घेणं मला त्याहून वाईट वाटतं.

आणि हृदय नाहीच सुधारलं तर?

थोड्या मुलांना हृदयाला आधार देणारा दुसऱ्या प्रकारचा पंप लावता येतो, तो आठवडे-महिने चालतो. पण तो मुख्यतः हृदयप्रत्यारोपणापर्यंत पोहोचवण्यासाठी असतो. त्या वजनाच्या बाळाला जुळणारं हृदय मिळणं फार अवघड, आणि खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा. बाकीच्यांत एक दिवस असा येतो की डॉक्टर तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवतात. आजी-आजोबा किंवा मामा, ज्यांच्यासमोर तुम्हाला रडता येतं, त्यांना बरोबर घ्या. त्याच दिवशी उत्तर द्या असं कुणी म्हणत असेल तर वेळ मागा. मशीन थांबवायचं ठरलं तर त्याआधी बाळाला मांडीवर घ्यायचंय असं सांगा. नळ्यांसकट ते करता येतं, फक्त आम्हाला तयारीला अर्धा तास लागतो.

ठाण्याच्या हॉस्पिटलात आहे, एक्मोच्या ठिकाणी हलवता येईल का?

नळ्या घालून, मशीनसकट, टीम बरोबर घेऊन हलवता येतं, पण ठाणे-बेलापूर रोडवर संध्याकाळी ते काम करून बघा म्हणजे कळेल. बाळ ढासळायच्या आधी हलवणं कधीही बरं. खरं तर हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीचा आहे: "गरज पडली तर एक्मो इथेच आहे का? रात्री चालवायला माणूस आहे का?" संमतीपत्रातही तेव्हाच एक्मोची ओळ बघून घ्या. हृदय बंद पडल्यावर सही मागायला वेळ नसतो.

खर्चाचं काय करायचं?

मशीनचं भाडं कमी, एकदाच वापरायचं सर्किट, आयसीयू, रक्त आणि औषधं जास्त. बिल रोज मागून घ्या, शेवटी एकदम नाही.

खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, बिलाचा काउंटरच नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा 2023 मध्ये कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात, त्यांना नेमकं विचारा: पॅकेज ऑपरेशनपुरतं आहे की एक्मोही त्यात धरलाय? धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला हवा, म्हणून शहापूर-मुरबाडहून येणाऱ्यांनी तो तहसीलमधून आधीच काढून आणावा. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने बाळाला शोधलं असेल तर तो कागद जपून ठेवा, मंजुरीला तोच कामाला येतो.

दूध?

आईने दर तीन तासांनी काढत राहावं, बाळ पीत नसलं तरी. नाकातल्या नळीतून थोडं थोडं देतात, उरलेलं फ्रीजमध्ये नाव लिहून.

अंगारा लावला तर चालेल?

छातीला, नळीला, कपाळालाही नको, राख निर्जंतुक नसते. कागदाची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून आणा, आम्ही पलंगाच्या दांडीला चिकटवतो. घरी देव पाण्यात ठेवले असतील तर ठेवा, त्याला आमची काय हरकत. एका बाळाच्या पलंगाला एकवीरेची पुडी, हाजी मलंगचा धागा आणि माउंट मेरीची मेणबत्ती, तिन्ही होती. मेणबत्ती पेटवू दिली नाही.

घरी गेल्यावर काय बघायचं?

औषधांच्या वेळा आणि वजन. दूध पिताना घाम येतोय, दम लागतोय, ओठ निळसर होताहेत, तर वाट न बघता या. दातांची काळजी घ्या, किडलेल्या दातातले जंतू हृदयापर्यंत जातात. लसी डॉक्टरांना विचारून. कानांची तपासणी नक्की करा, एक्मोवरून गेलेल्या मुलांत ऐकू कमी येण्याचं प्रमाण जास्त असतं. मान धरणं, बसणं, बोलणं वेळेवर होतंय का ते बालविकासाच्या डॉक्टरांकडून काही वर्षं बघून घ्या. उशीर लवकर लक्षात आला तर थेरपीचा उपयोग होतो.

आणि डिस्चार्जच्या कागदात नळ्या कुठून घातल्या होत्या ते लिहिलंय का बघा. मानेतून घातल्या असतील तर काढताना उजव्या बाजूची नस, कधी धमनीसुद्धा, कायमची बांधलेली असू शकते. शरीर आजूबाजूच्या नसांवर भागवून घेतं, पण उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या ऑपरेशनला, कुणी डॉक्टर त्याच मानेत नस शोधत बसेल. त्याला हे तुम्ही सांगायचं.